यानातल्या बाईचा आवाज बदलला त्याबद्दल

माय,

आज शुक्रवार, फेब्रुवारीची सोळा तारीख, सकाळचे पावणेअकरा. मी मेहकरात छापखान्यात बसलो आहे. एका लग्नपत्रिकेचं काम काल संपलं, तिच्या अक्षरांचे खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकत होतो, आणि ‘श्री’चा खिळा ‘ष’च्या खणात टाकला. असं माझ्याकडून होत नाही. मग हात पुसले आणि हा कागद घेतला. मालक कागद आणायला खामगावला गेले आहेत. दुपारच्या गाडीने तुझा भाऊ येणार आहे. तो एका प्रश्नाचं उत्तर न्यायला येतो आहे. उत्तर नीट गेलं तर दुसरबीडची एक मुलगी आपल्या घरात येईल, नाही गेलं तर येणार नाही. प्रश्न यानाबद्दलचा आहे. तेच रेडिओवरचं यान, जे तू वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन ऐकायचीस.

तुला मधलं काही ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा ते शनीपर्यंतही पोचलं नव्हतं. आता ते सूर्याच्या सगळ्या पसाऱ्याबाहेर गेलं आहे आणि मालिका अजून चालू आहे. दर गुरुवारी, संध्याकाळच्या बातम्या संपल्या की. कप्तान तोच आहे, पण आता फार उपदेश करतो. मिस्त्री मधे मरता मरता वाचला. आणि तुझी बाई, जी पृथ्वीला निरोप पाठवते ती, अजून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तेच विचारते, “पृथ्वी, ऐकतेस ना?”

ज्वारी हुरड्यात आली की तू दिवसभर वावरातल्या माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकायचीस. मी शाळेतून आलो की माळ्याखाली सावलीत वाचत बसायचो, आणि थोड्या वेळाने माझ्याजवळ एक ढेकूळ येऊन पडायचं. म्हणजे पाणी आण. दुसरं पडलं म्हणजे लवकर आण. दिवस मावळताना आपण गावात शिरायचो, आणि गुरुवार असला तर तू ग्रामपंचायतीपाशी थांबायचीस. छपरावरच्या भोंग्यातून बाई विचारायची, “पृथ्वी, ऐकतेस ना?” आणि तू भाऱ्याखालून म्हणायचीस, “हाव माय, ऐकून राह्यली, बोल.” पारावरची माणसं हसायची. एकदा कोणी तरी म्हणालं, “वहिनी, थो रेडिओ हाय. त्याले ऐकू जात नाई.” तू म्हणालीस, “आपल्याले तं जाते ना? मंग उत्तर द्याले काय पैसे पडते?”

घरी आल्यावर चुलीपुढे तुझी चौकशी सुरू व्हायची. भाकरी थापता थापता तू विचारतेस, “त्या यानात चूल कोठं हाय रे?” मी सांगतो, यानात चूल नसते, धूर कोंडेल. “मंग खातेत काय?” मला ठाऊक नसतं. मी हसतो. तू भाकरी तव्यावर टाकतेस आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, “हासू नको. दोन वर्स झाले मानसं चालून राह्यले, अन् कोनी कोनाले जेवला का म्हनून इचारत नाई. अशा गोष्टीवर माहा इस्वास नाई बसत.” तरी पुढच्या गुरुवारी तू थांबायचीसच. पुढे एका भागात ते जेवले, हे तुला सांगायचं राहिलं. गोळ्या खाल्ल्या. पाण्याबरोबर. तुला मुळीच आवडलं नसतं.

तू गेल्यावर घरात बाबा आणि मी. बाबा भाकरी करायचे, मी भांडी घासायचो, आणि दोघं दिवसेंदिवस कामापुरतं बोलायचो. तेराव्यानंतर बाबांनी कापूस विकून आलेल्या पैशांतून एक ट्रान्झिस्टर आणला. का आणला ते बोलले नाहीत. भिंतीवरच्या खुंटीला, जिथे तुझी गोफण असायची तिथे, अडकवला. त्या घरात मग बाईचा आवाज म्हणून तो एकच होता, गुरुवारचा. स्वच्छ, गोड, एकेक अक्षर ओवल्यासारखा. मी मोठा होत गेलो तसा तो आवाज तुझा झाला. कधी झाला ते सांगता येणार नाही. तू मला निजवताना काय म्हणायचीस, आंघोळीला कशी बोलवायचीस, हे सगळं मला आठवायचं, आणि त्या आवाजात आठवायचं. मला कधी शंका आली नाही. नववीत शाळा सुटली, मेहकरला आलो, छापखान्यात जुळारी झालो, खोली घेतली, तिथे स्वतःचा ट्रान्झिस्टर घेतला. गुरुवारी मी कुठेही जात नाही. मालकांनाही ठाऊक आहे.

आणि सहा आठवड्यांपूर्वी आवाज बदलला. आधी काही सांगितलं नाही, नंतरही नाही. आदल्या गुरुवारी जुनी बाई होती, त्या गुरुवारी दुसरीच कोणी. नाव तेच, काम तेच. “पृथ्वी, ऐकतेस ना?” म्हणाली आणि मला वाटलं स्टेशन हललं. मी काटा मागे-पुढे करून पाहिला. आवाज जाडा, मधेच फाटणारा, आणि तिसऱ्या वाक्याला चक्क खोकली. रेडिओवर खोकायला कसं देतात? मी छापखान्यात विचारलं, चहाच्या टपरीवर विचारलं, खोलीच्या मालकांना विचारलं. सगळे यान ऐकतात, पण कोणाला फरक कळला नव्हता. टपरीवाला म्हणाला, “सर्दी झाली असन बे तिले.” मी त्या आठवड्यात दोनदा जेवलो नाही. हे तुलाच सांगतो आहे.

मालिकेचा दर्जाही अलीकडे उतरला आहे, हे माझं मत मी आवाज बदलायच्या आधीपासून सांगतो आहे, म्हणजे कोणी म्हणू नये की रागाने बोलतो. बोलणाऱ्या पाण्याच्या ग्रहावर त्यांनी तीन भाग घालवले, आणि शेवटी ते पाणी काही महत्त्वाचं बोललंच नाही. खालची झडप उघडायला मिस्त्रीला पूर्वी सगळे बोल्ट काढावे लागायचे आणि त्यात अर्धा भाग जायचा, आता तो नुसता लाथेने उघडतो. लिहिणाऱ्याने आपले जुने भाग वाचायला नकोत का? मधे कप्तानाला वाटलं की परत फिरावं. त्यावर मात्र चांगली भांडणं झाली, दोन्ही बाजूंनी बरोबर बोलणारी. मिस्त्री म्हणाला, परत जाऊन काय करायचं, आपल्याला ओळखणारं कोणी उरलं नसेल. बाई म्हणाली, आपण तर ओळखू ना. ते वाक्य मला फार आवडलं. पण ते नव्या आवाजात आलं, म्हणून मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही.

आता मुलीचं. मामाने दुसरबीडचं स्थळ आणलं. गेल्याच्या गेल्या रविवारी बाबा, मामा आणि मी पाहायला गेलो. मी तीन प्रश्न पाठ करून गेलो होतो: शिक्षण, स्वयंपाक, आणि गावापेक्षा मेहकरात राहायला आवडेल का. मुलगी आली, बसली. सातवी पास आहे. हाताला हळदीचा डाग होता. तिच्या काकू म्हणाल्या, “इचारा ना काही. लाजता काय बापू?” आणि माझे तिन्ही प्रश्न गेले. समोरच्या फळीवर विणलेलं झाकण घातलेला रेडिओ होता. मी म्हणालो, “गुरुवारचं यान ऐकता का?”

“ऐकते ना.” तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

“मग बाईचा आवाज बदलला, तो...”

“हाव, बदलला. त्याच दिशी समजलं.”

माय, मला काय वाटलं ते तुला सांगता येत नाही. एवढ्या माणसांत एकीला समजलं होतं. मी पुढे सरकलो. आणि ती म्हणाली, “बरं झालं बदलला. जुनी बाई सत्यनारायणाची पोथी वाचल्यावानी बोले. इतके वर्स यानात हाय, मरता मरता वाचली, तरी तिचा घसा कधी बसला का? नवी कशी, यानात राहिलेली वाटते. खोकते बी.”

“यानात धूळ नसते,” मी म्हणालो. “खोकायचं कारण काय?”

“मानूस का धुळीनंच खोकलते?”

काकूंनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. बाबांनी पायाने माझा पाय दाबला. तिथे थांबायला हवं होतं, हे मला कळत होतं. मुलगी पाहायला गेल्यावर माणूस हो ला हो म्हणतो, पाणी पितो, उठतो. पण मी म्हणालो, “तुम्हांला ऐकताच येत नाही.” सगळ्यांसमोर. ती उठली नाही, रडली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली, कोणी आजारी माणसाकडे पाहतं तशी. तिच्या वडिलांनी पानाचं तबक आतच राहू दिलं.

गाडीत मामाने सिंदखेडच्या फाट्यापर्यंत तिघांची तिकिटं हातात चोळून मऊ केली. मग म्हणाला, “अबे, आपन पोरगी पाहाले गेलतो का इलेक्शनले उभे राह्यलतो?” बाबा खिडकीबाहेर बघत होते. मामा पुन्हा म्हणाला, “बहिनीचं एकुलतं एक लेकरू म्हनून हिंडून राह्यलो मी. नाई तं कायले?” मला वाटलं संपलं. मला वाटलं तेच बरं. खरं म्हणजे नाही वाटलं. मला तिचं वर पाहणं सारखं आठवत होतं.

मंगळवारी मामा छापखान्यात आला. त्या घराने नकार दिलेला नव्हता. मुलीने वडिलांना सांगितलं होतं, आधी एक विचारा मग मी सांगते. मामा दारातच उभा राहून म्हणाला, “ती इचारते का, त्याले जुनी बाई एवढी काऊन आवडत होती? आता मले सांग, हे काय इचारनं झालं? हुंड्याचं नाई, मानपानाचं नाई, बाईचं!” मी म्हणालो, विचार करून सांगतो. मामा म्हणाला, “याच्यात इचार काय करतं? बरं. पुढच्या शुक्रवारी येतो.”

कारण तर मला ठाऊक होतं. ते कोणाला सांगितलेलं नव्हतं एवढंच. तिला सांगायचं तर आधी बाबांना सांगावं असं वाटलं, म्हणून रविवारी गावी गेलो. बाबा अंगणात दोर वळत होते. मी दुसरं टोक धरून बसलो. म्हणजे तोंडाकडे बघावं लागत नाही. म्हटलं, “बाबा, रेडिओवरची ती जुनी बाई मायसारखी बोलायची, नाही?”

बाबांचा हात थांबला. “कोन? ती यानवाली?” आणि ते हसायला लागले. माय, तू गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. “लेका, तुही माय अन् तशी? तुही माय बोलली का चरक फिरल्यावानी वाटे. घसा कधी धड नसेच तिचा. संक्रांतीपासून होळीलोक पाखरं हाकून हाकून बसे. अखेरचे दोन साल तं बसला थो उठलाच नाई.” मग दोर पुन्हा वळायला लागले आणि वळता वळता म्हणाले, “पन वावराच्या त्या धुऱ्यावरून मले समजे, हाक तिचीच हाय म्हनून.”

मी बाबांशी वाद घातला नाही. पण मेहकरला परत येताना पूर्ण रस्ता तुझा आवाज काढून पाहत होतो, घोगरा. येत नव्हता. जुना येत होता, गोड, ओवलेला, आणि तो येताच बाबांचं हसणं ऐकू यायचं. मला भीती वाटली की आता दोन्ही गेले. सोमवार, मंगळवार, बुधवार मी खिळे जुळवले, एक चूक झाली नाही, आणि आत मात्र सारखं तेच. मुलीला काय सांगणार होतो? की माझ्या मायसारखी बोलायची, जी कधी तशी बोललीच नव्हती?

कालचा भाग ऐक. कप्तान बेशुद्ध आहे, मिस्त्री यानाच्या बाहेर अडकला आहे, आणि बाई एकटी यंत्रापुढे. पूर्ण भागात दुसरं कोणी बोललंच नाही. मालिकेत असं कधी झालं नव्हतं. ती विचारते, “पृथ्वी, ऐकतेस ना?” उत्तर नाही. पुन्हा विचारते. पुन्हा. आवाज चढवते, तो फाटतो, ती थांबून खोकते. मग तिला राग येतो. म्हणते, “अगं, किती हाका मारायच्या?” शेवटी आवाज निघेनासाच होतो. आणि मग ती काय करते, तर यंत्रावर बोटाने ठोकते. टक. थोडं थांबून पुन्हा, टक. बोलता येत नाही तर निदान एवढं तरी तिकडे पोचावं म्हणून.

माय, ढेकूळ. माझ्याजवळ पडणारं ते ढेकूळ मी एक दिवसही विसरलो नव्हतो. छापखान्यात मी ते गंमत म्हणून सांगितलेलं आहे, आमची माय पाणी मागायला ढेकूळ फेकायची, नेम असा की कधी अंगाला लागलं नाही. फक्त का फेकायचीस ते विसरलो होतो. तुला हाक मारता येत नव्हती. माळ्यावरून तू खाली वाकली आहेस, तोंड उघडलेलं आहे, आणि त्यातून नुसता वारा येतो आहे, खरखर, आणि मी खाली पुस्तकात. मग तू गोफण खाली ठेवतेस आणि हाताने एक लहानसं ढेकूळ वेचतेस. मी पाणी घेऊन वर चढतो. तू पितेस, घसा खाकरतेस, आणि म्हणतेस, “काय वाचून राह्यला?” ते मला काल ऐकू आलं. कसं होतं ते लिहिता येणार नाही, पण आलं. तीनच शब्द. चौदा वर्षांनी.

म्हणजे तुझ्यासारखी बोलणारी बाई सहा आठवड्यांपूर्वी आली, आणि मी काटा फिरवून तिला घालवू पाहत होतो. आणि ज्या मुलीने तुला कधी ऐकलं नाही, तिला ती बरोबर वाटली, आणि तिला मी म्हणालो ऐकता येत नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि मामा आला. आता सव्वा दोन वाजले आहेत, तो नुकताच गेला. झालं ते सांगतो. तो घामाघूम, गाडीत उभा राहून आलेला. पाणी प्यायला आणि म्हणाला, “हं, बोल. काय सांगू पोट्टीले?”

मी म्हणालो, “सांगा, जुन्या बाईचा आवाज मले मायवानी वाटे म्हणून.”

मामाने पेला खाली ठेवला. तुझा भाऊच तो. “माही बहीन? तशी बोले?” त्याच्या मिश्या हलल्या. “अबे, लहानपनी तिले आम्ही कावळा म्हनो.”

“हाव. ती नवीसारखी बोलायची. मले काल समजलं.”

“मंग भांडला काऊन बे तू?” तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की समोरचा सायकलवाला उठून दारात आला. “नवी माह्या बहिनीवानी, पोट्टी म्हनते नवी चांगली, मंग भांडन कायचं होतं?”

मी म्हणालो, विसरलो होतो. मामाने उपरण्याने तोंड पुसलं, जास्त वेळ पुसलं. मग खिळ्यांच्या खणांवर टेकून उभा राहिला, तिथे टेकू नका असं मी त्याला आज म्हटलं नाही. हळू म्हणाला, “पोट्टीनं मले सांगून ठेवलं होतं. उगीच आवडते म्हनला, तं वापस या. काही खरं कारन सांगतलं, मंग कोनतं बी असो, तं पुढच्या गुरुवारी त्याले घिऊन या. संगं ऐकू म्हनते.” दारातून जाताना वळून म्हणाला, “पन मधी बोलाचं नाई म्हनते. भाग सपेलोक एक अक्षर नाई. काकू बी राहीन तिथं.”

म्हणजे पुढच्या गुरुवारी मी दुसरबीडला जाणार. मुलाने दुसऱ्यांदा जाणं आपल्यात बरं दिसत नाही, पण बाबांना मामा सांगेल. सदरा धुवायला टाकला आहे. तिला काय सांगायचं ते मी ठरवतो आहे, आणि त्यात एक गोष्ट अशी आहे की जी सांगावी की नाही कळत नाही: मला अजूनही जुनी बाई आवडते. तुझ्यासारखी नव्हती हे कळूनही. ती आपल्या घरात इतकी वर्षं होती. तिला निरोपसुद्धा न देता काढलं, ते मला पटलेलं नाही.

हा कागद मी घडी घालून ठेवणार आहे, आपल्या दोघांत माझ्याशिवाय तो वाचणारं कोणी नाही. तुला वाचता येत नव्हतं, हे मला आत्ता, एवढं लिहून झाल्यावर आठवतं आहे. आणि एक सांगायचं आहे. बाई विचारते, “पृथ्वी, ऐकतेस ना?” तेव्हा तू गेल्यापासून उत्तर मी देतो. तुझंच वाक्य. दर गुरुवारी, दार लावून. नवी आल्यापासून मी तोंड मिटून बसायचो. काल तिलाही म्हणालो, “हाव माय, बोल.” पुढच्या गुरुवारी मुलीच्या घरी काकू असतील, वडील असतील, मामा असेल, मधे बोलायचं नाही असं बजावलेलं असेल, आणि मला धास्ती आहे ती एवढीच की ते तोंडातून निघेल.